मनाली–लेहला सायकलने निघताय? दुरुस्तीचं किट असं भरा

मनाली–लेह रस्त्यावर अडकून बसलेल्या सायकलस्वारांकडे किट नसतं असं क्वचितच होतं. ट्यूब असते, पण सायकल २९ इंची चाकाची आणि ट्यूब २६ची. जादा आरे असतात, पण मागची कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) उघडायला काही नसतं. क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, नऊ गिअरची, चेन अकरा गिअरची. सामान भरपूर, जुळवाजुळव शून्य. याचं कारण म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी तयार यादी घ्यायची, दुकानात जायचं आणि पिशवी भरून आणायची, हा क्रम. तो मोडायचा आहे. किटची सुरुवात दुकानातून नाही, घरी स्टँडवर लावलेल्या सायकलपासून होते.

केलाँग मागे पडलं की लेहपर्यंत गिअरच्या सायकलचे सुटे भाग विकणारं दुकान लागत नाही. झिंगझिंगबार, सरचू, पांग इथे तंबूत चहा, मॅगी, राजमा-चावल मिळेल. डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, हँगर मिळणार नाही. खाली जे लिहिलंय ते या मधल्या टप्प्यासाठी. सह्याद्रीतल्या घाटांना यातलं निम्मं पुरतं, कारण तिथे एसटी किंवा टेम्पो पकडून संध्याकाळपर्यंत दुकान गाठता येतं.

१. आधी सायकलची कुंडली मांडा

कागद-पेन घ्या आणि सायकलसमोर बसा. या गोष्टी लिहायच्या:

- टायरच्या बाजूवर छापलेला आकडा, उदाहरणार्थ ४०-६२२ किंवा २९×२.१. जसाच्या तसा उतरवा. ‘मोठं चाक’ हा आकडा नव्हे.
- व्हॉल्व्ह: मोटरसायकलसारखा जाड (श्रेडर) की बारीक (प्रेस्टा). रिम खोल असेल तर व्हॉल्व्हची लांबीही.
- मागे किती गिअर: ८, ९, १०, ११ की १२. क्विक लिंक यावरच ठरते.
- ब्रेक: रिमवरचे, केबलचे डिस्क की हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे). हायड्रॉलिक असतील तर आत मिनरल ऑइल की डॉट फ्लुइड, हे लिव्हरवरच्या झाकणावर लिहिलेलं असतं.
- ब्रेक पॅडचा आकार. एकच कंपनी दहा प्रकारचे पॅड बनवते; जुना पॅड काढून हातात धरल्याशिवाय नवा घेऊ नका.
- डिरेलर हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ धातूची असते. मॉडेलगणिक वेगळी.
- आऱ्यांची लांबी. पुढचं चाक आणि मागचं चाक, डावी बाजू आणि उजवी बाजू, चारही मोजून घ्या. डिस्क ब्रेकच्या चाकात दोन बाजूंची लांबी बहुधा सारखी नसते.

मग मल्टिटूल घेऊन सायकलवरच्या एकेका बोल्टला ते लावून बघा. खरंच लावा, नजरेने नको. सीटखालचा बोल्ट, कॅरिअरचा, डिस्कचा, पेडलचा, थ्रू-अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असेल तर त्याचा. ज्याला तुमचं मल्टिटूल लागत नाही तो बोल्ट कागदावर लिहा. डिस्कच्या बोल्टना बहुतेक वेळा टॉर्क्स टी-२५ लागतो, पेडलना ६ किंवा ८ मिमीची अॅलन की नाहीतर १५ मिमीचा पान्हा. स्वस्त मल्टिटूलमध्ये ८ मिमी नसतेच.

तपासा: कागदावर एकही ‘बहुतेक’ उरला असेल तर पुढे जाऊ नका.

२. जे बदलायचं ते घरीच बदला

झिजलेली चेन घालून निघायचं आणि वाटेत तुटली तर म्हणून नवी चेन बॅगेत न्यायची, असं करणारे भेटतात. नवी चेन बॅगेत नाही, सायकलवर हवी. केबल, पॅड, टायर यांनाही हेच लागू.

निघण्याआधी निदान दोन-तीन आठवडे पूर्ण सर्व्हिसिंग करा. आदल्या आठवड्यात नको. नवी केबल पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये सैल पडते, नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो, चाकाचा आऊट (डगमग) काढला असेल तर आरे पुन्हा एकदा ताणावे लागतात. हे सगळं पुण्या-नाशकाच्या रस्त्यावर होऊ द्या, रोहतांगच्या चढावर नको.

जुने पॅड अर्धे शिल्लक असतील तर ते फेकू नका. तेच स्पेअर. ते तुमच्याच डिस्कवर घासले गेलेत, म्हणजे बसण्याचा प्रश्नच नाही, आणि हजार-दीड हजारही वाचतात. लाइनिंग एक मिलिमीटरच्या खाली गेलेला पॅड मात्र कचऱ्यात टाका.

टायर वळवून बाजूंना चिरा आहेत का बघा. सामान लादलेल्या सायकलचा टायर मधोमध झिजून जाण्याआधी अनेकदा बाजूने फाटतो.

३. सुटे भाग

आता दुकान. हातात तो कागद आणि शक्यतो सायकलही.

*चाकातली हवा.* दोन ट्यूब, व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या भोकाचा. पॅच दोन्ही प्रकारचे: नुसते चिकटवायचे स्टिकर, आणि सोल्यूशन लावायचे. स्टिकर पॅच घाईसाठी. त्यावर लेह गाठायची अपेक्षा धरू नका. सोल्यूशनच्या लहान, न फोडलेल्या दोन ट्यूब घ्या. एकदा फोडलेली ट्यूब महिन्या-दोन महिन्यांत आतून सुकते आणि ते कळतं नेमकं रस्त्यावर. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडाप्टर घ्या. तो नसेल तर ट्रकवाल्याच्या कॉम्प्रेसरसमोर उभं राहून काही उपयोग नाही. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, कडेची तार कापून टाकलेला.

ट्यूबलेस वापरत असाल तर प्लग, सीलंटची लहान बाटली आणि व्हॉल्व्हचा गाभा काढायची किल्ली. ट्यूब तरीही घ्यायचीच.

*चेन.* तुमच्या गिअरच्या संख्येच्या दोन क्विक लिंक. नवी चेन बसवताना कापून उरलेल्या चार-सहा कड्याही ठेवा. मागचा डिरेलर चाकात अडकला की चेनची एक नाही, दोन-तीन कड्या पिळवटतात.

*हँगर.* एक. पंधरा-वीस ग्रॅमची वस्तू. सगळ्या किटमधली ही एकच गोष्ट अशी की नसेल तर झिप टायने, तारेने, कशानेच धड भागत नाही. फार तर चेन आखूड करून एका गिअरवर ढकलत न्यायची. साडेचार हजार मीटरच्या वर, पंधरा किलो सामानासकट, एका गिअरवर. दुकानात नसतो, मागवावा लागतो, म्हणून कुंडली मांडल्या दिवशीच ऑर्डर द्या.

*आरे.* मागच्या चाकाच्या उजव्या, म्हणजे कॅसेटच्या बाजूचे तीन, बाकीच्या तीन लांबींचा प्रत्येकी एकेक. निपलसकट, म्हणजे आरा रिमला धरणाऱ्या छोट्या नटसकट. वजन पडतं मागच्या चाकावर, म्हणून आरा तुटतो तोही बहुधा तिथलाच, आणि नेमका तोच कॅसेट काढल्याशिवाय बदलता येत नाही. इथे दोन मार्ग आहेत. एक, फ्रेमला टेकवून फिरवायचं छोटं कॅसेट टूल, म्हणजे लांब पान्हा आणि चेनव्हिप (कॅसेट फिरू नये म्हणून धरायची चेन लावलेली दांडी) न्यावे लागत नाहीत. दुसरा, दोरीसारखा मऊ फायबर आरा, जो कॅसेट न काढता ओवता येतो. हत्यारांशी फारसं सख्य नसेल तर दुसरा घ्या.

*ब्रेक.* प्रत्येक चाकासाठी एक जोडी पॅड. तांगलांग ला सुमारे ५,३२८ मीटरवर. तिथून रुमत्सेपर्यंतची उतरण एकट्यानेच पॅडचा बराच हिशोब चुकता करते. पावसात किंवा नाल्यातून गेल्यावर चिखल लागला तर आणखी. केबलचे ब्रेक असतील तर एक ब्रेक केबल. तिच्या टोकाचा गोळा दोन प्रकारचा असतो, माउंटन बाइकचा वेगळा आणि रोड बाइकचा वेगळा, तो जुळवून घ्या.

*गिअर केबल.* एक, मागच्या डिरेलरला पुरेल एवढी लांब. ती कापून पुढच्या डिरेलरलाही वापरता येते, उलटं होत नाही.

*बारीकसारीक.* कॅरिअर आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे ५ मिमी बोल्ट सहा-सात, वॉशर, दोन नट. क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी पट्टी) वापरत असाल तर त्याचे दोन बोल्ट. झिप टाय वेगवेगळ्या लांबीचे दहा-पंधरा, दोन जुबिली क्लिप, मीटरभर बाइंडिंग वायर. खडखडत्या रस्त्यावर सगळ्यात जास्त काय निकामी होत असेल तर कॅरिअर: आधी बोल्ट सैल, मग गहाळ, मग दांडी मोडते. बोल्टना घरीच निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा.

सावधान: हायड्रॉलिक ब्रेकसाठी तेल घेणार असाल तर झाकणावर लिहिलेलंच. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेलं तर आतले सील फुगतात आणि ब्रेक संपतो. रस्त्यावर ब्लीड करणं, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल भरणं, हा नवख्याचा उद्योग नाही. त्यापेक्षा निघण्याआधी दुकानात करून घ्या आणि तेल घरी ठेवा.

४. हत्यारं: जेवढे भाग, तेवढीच

आता सुट्या भागांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे तो बसवायला लागणारं हत्यार लिहा. क्विक लिंकपुढे चेन ब्रेकर (चेनची पिन ढकलून काढणारं हत्यार) आणि लिंक उघडायची पक्कड. आऱ्यापुढे तुमच्या निपलच्या मापाची आरा-किल्ली आणि कॅसेट टूल. केबलपुढे केबल कापायचं काहीतरी. ज्या भागापुढे हत्यार नाही तो भाग नुसतं ओझं, आणि जे हत्यार कशापुढेच आलं नाही ते घरी.

या हिशोबाने उरतं ते साधारण असं: चेन ब्रेकर असलेलं मल्टिटूल, तीन टायर लिव्हर, पंप, आरा-किल्ली, लहान पक्कड, कटर, कॅसेट टूल, पॉलिश पेपरचा तुकडा, रबरी हातमोजे, फडकं, चेन ऑइल. अॅडजस्टेबल पान्हा लागलाच तर बसच्या ड्रायव्हरकडे मिळतो. सगळं मिळून दीड ते दोन किलो. तीन किलोच्या वर गेलात तर कागद परत वाचा.

पंपाबद्दल थोडं जास्त. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे पंपाच्या प्रत्येक दांडीला आत जाणारी हवाही निम्मी. घरी दीडशे दांड्यांत भरणारा टायर तिथे पावणेतीनशेच्या आसपास घेईल, आणि तेही धाप लागलेली असताना. बोटभर लांबीचा शोभेचा पंप तिथे चालत नाही. जमिनीला पाय टेकवून मारता येणारा, नळीचा मिनी पंप घ्या.

दुसरी बाजूही आहे. मनालीत भरलेला टायर खिंडीत गेला की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेजवर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तो बघून हवा सोडू नका. खाली उतरल्यावर टायर मऊ पडतो, दगडावर आपटून रिमला भिडतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

५. रंगीत तालीम

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, कारण कंटाळवाणा आहे. फक्त किटमधल्या वस्तू वापरून, घरातला मोठा पंप आणि दुकानातला मुलगा न बोलावता, हे करून बघा:

१. सामान लादलेल्या सायकलचं मागचं चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा, चाक बसवा.
२. चेन क्विक लिंकवर उघडा, पुन्हा जोडा. नंतर ब्रेकरने एक पिन बाहेर काढा, उरलेल्या तुकड्यांवर.
३. हँगर काढून नवा बसवा, आणि नवाच राहू द्या. जुना सरळ असेल तर तो स्पेअर.
४. ब्रेक पॅड काढून परत बसवा.
५. एक आरा सैल करून परत ताणा, चाक फिरवून आऊट किती आला बघा.

ट्यूब बसवताना टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर आणा. पुढे पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक सापडताच टायरमध्ये काटा कुठे असेल हे तिथल्या तिथे कळतं. आणि टायरच्या आतून नुसतं बोट फिरवू नका, फडकं गुंडाळून फिरवा. ट्रकचे टायर फुटल्यावर जे तारांचे बारीक तुकडे रस्त्यावर पडतात ते आपल्या टायरमध्ये घुसून बसतात, दिसत नाहीत, आणि प्रत्येक नवी ट्यूब त्याच जागी खातात. पक्कड मुख्यतः यासाठीच.

पॅच लावायची रीतही इथेच पक्की करा. पॉलिश पेपरने ट्यूबची चकाकी जाईपर्यंत घासायचं, पॅचपेक्षा थोडी मोठी जागा. सोल्यूशनचा पातळ थर. आणि मग थांबायचं. बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत, थर निस्तेज दिसेपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावणं ही या देशातली सर्वात लोकप्रिय चूक असावी. घरी पाच मिनिटं पुरतात. सरचूच्या थंडीत दुप्पट धरा, आणि ट्यूब आधी जॅकेटमध्ये घालून गरम करा. म्हणूनच रस्त्यावर ट्यूब बदलायची आणि पॅच मुक्कामाला लावायचा.

नंतर एक दिवस सामानासकट घाटात जा. सिंहगड, ताम्हिणी, कसारा, जो जवळ असेल तो. उतरून आल्यावर सगळे बोल्ट तपासा. जे सैल झालेत तेच पुढे सैल होणार.

६. भरण्याची रीत

किट एका पिशवीत भरू नका. तीन जागा करा.

सीटखालच्या किंवा हँडलच्या बॅगेत रस्त्याच्या कडेला लागणारं: एक ट्यूब, लिव्हर, स्टिकर पॅच, मल्टिटूल, एक क्विक लिंक, हातमोजे. पावसात, पॅनिअर (कॅरिअरला बाजूने लटकणारी बॅग) न उघडता हे हाताला लागलं पाहिजे.

पॅनिअरच्या तळाशी, पण कपड्यांच्या खाली गाडून न टाकता, बाकीचे सुटे भाग आणि जड हत्यारं. एकाच बाजूच्या पॅनिअरमध्ये, आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी.

फ्रेमवर: पंप, त्याच्याभोवती दोन-तीन मीटर डक्ट टेप गुंडाळलेली. आरे सीटच्या दांडीच्या आत कापडात गुंडाळून, किंवा फ्रेमला टेपने चिकटवून. बॅगेत वाकलेला आरा पुन्हा धड सरळ होत नाही.

सावधान: ट्यूब आणि हत्यारं एकत्र ठेवू नका. हजार खड्ड्यांनंतर मल्टिटूलच्या कोपऱ्याने नव्या ट्यूबला आधीच भोक पडलेलं असतं. ट्यूबला टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घाला.

सावधान: ब्रेक पॅड आणि चेन ऑइल कधीही एका खणात नाही. तेल लागलेला पॅड धुऊन सुधारत नाही. पॅड घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, तेलाची बाटली दोन पिशव्यांत.

गटाने जात असाल तर कॅसेट टूल, कटर, जुबिली क्लिपा, तेल वाटून घेता येतात. ट्यूब, पंप, लिव्हर आणि मल्टिटूल प्रत्येकाचं स्वतःचं. गाटा लूपच्या २१ वळणांवर गट कधीच एकत्र राहत नाही. पंप असलेला माणूस वरून सातव्या वळणावर आणि पंक्चर झालेला खालून तिसऱ्यावर, हे ठरलेलं. बॅकअप गाडी असली तरी हेच. ती पुढच्या मुक्कामावर चहा पीत असते.

७. प्रवास, आणि मनालीत जोडणी

सायकलची सर्वात जास्त मोडतोड चढावर नाही, बस-विमानाच्या डिकीत होते. मागचा डिरेलर हँगरसकट उतरवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. मध्ये काही नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात. सीटच्या उंचीवर टेपची खूण. डावं पेडल उलट्या आट्याचं, घड्याळाच्या दिशेने सुटतं.

विमानाने जाणार असाल तर हत्यारं चेक-इनच्या सामानात. टायरमध्ये हवा भरायची गॅसची काडतुसं घरी ठेवा. सोल्यूशन ज्वलनशील, तेही नको. स्टिकर पॅच न्या आणि सोल्यूशन उतरल्यावर चंदीगड किंवा मनालीत घ्या. मिळतं.

मनालीत सायकल जोडून झाल्यावर मागून बघा: डिरेलरची दोन्ही चाकं कॅसेटच्या दात्यांच्या रेषेत, सरळ खाली लटकायला हवीत. आत झुकली असतील तर हँगर वाकलाय. पहिल्या मोठ्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकाल आणि डिरेलर थेट आऱ्यांत जाईल. मनालीतच बदला. मग सामान लादून दहा-बारा किलोमीटर फिरून या, सगळे गिअर टाकून बघत. हे झाल्याशिवाय रोहतांगकडे चाक वळवायचं नाही.

८. रोज संध्याकाळची दहा मिनिटं

तंबूत शिरण्याआधी, उजेड असताना, या क्रमाने: टायरमध्ये घुसलेलं काही, आरे दोन-दोन चिमटीत धरून, एखादा सैल आहे का, पॅडची जाडी, कॅरिअरचे चारही बोल्ट, शेवटी चेन. चेन आधी पुसायची, मग तेल. दारचाच्या पुढचे नाले दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात; त्या दिवशी चेनमध्ये वाळू जाते आणि वरून ओतलेलं तेल तिची खळ करतं. तेलाचा हात ब्रेकच्या डिस्कला लावायचा नाही.

दिवसभरात वापरलेली वस्तू त्याच रात्री तिच्या जागी परत. पंक्चर झालेली ट्यूब पॅच लावून, थोडी हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी टणक असेल तरच ती स्पेअर.

आरा तुटलेला असेल आणि तुमच्याकडे त्या लांबीचा नसेल तर तुटका आरा शेजारच्याला टेपने बांधा, दोन्ही बाजूंचे आरे पाव-अर्धा वेढा सैल करून आऊट कमी करा आणि मागचं वजन पुढच्या बॅगेत हलवा. रिम ब्रेक असेल तर त्याची केबलही थोडी सैल करावी लागेल, नाहीतर शू रिमला घासत राहतो.

लेहहून पुढे खारदुंग ला किंवा नुब्रा करणार असाल तर लेहमध्ये एक दिवस थांबून किटची फेरमोजणी करा. जे वापरलं ते तिथेच भरून काढा, पॅड बदला. सायकली भाड्याने देणारी दुकानं तिथे आहेत आणि त्यांच्याकडे ट्यूब, केबल, नेहमीच्या मापाचे पॅड मिळतात. तुमच्या फ्रेमचा हँगर मिळेलच असं नाही.